तिप्पट दराची खळ

दिवेलागण झाली, बटण दाबले, बल्ब लागला, आणि त्याच्याकडे पाहून आपल्यालाच त्याची कीव आली, असे तुम्हां-आम्हां सगळ्यांच्याच घरात झालेले आहे. मुले पुस्तक नाकाला लावतात. आजोबा म्हणतात, याहून आमचा कंदील बरा होता. आणि घरचा कर्ता कपाळाला आठ्या घालून खिडकीशी जातो. शेजाऱ्याकडे आपल्यापेक्षा जास्त उजेड आहे की काय, एवढेच त्याला पाहायचे असते. आपल्यामुळे कुणाच्या घरातला उजेड कमी होतो, ते पाहायला मात्र आजवर कोणी खिडकीशी उभे राहिलेले ऐकिवात नाही.

कौसल्याबाई धकाते याही कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. त्यांना तेवढी सवडच नसे. मिलचा संध्याकाळी साडेसहाचा भोंगा झाला, की त्यांना खळ चढवायची असे.

नागपुरात सक्करदऱ्याच्या अंगाला विणकरांच्या एका सोसायटीने बत्तीस घरांची लाईन बांधली होती. एका टोकाला विजेचा खांब, त्याला लागून कौसल्याबाईंचे घर. दुसऱ्या टोकाला पत्र्याची एक लांबट शेड आणि तिच्यात सोसायटीचे सहा पॉवरलूम. बाकी घरोघर हातमाग. ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, सूत मागावर चढवण्याआधी त्याला खळ पाजावी लागते, नाहीतर ते तटातटा तुटते. तांदळाच्या कण्या आणि ज्वारीचे पीठ शिजवून केलेली ही पेज रात्रभर मुरली, की पहाटे उन्हाच्या आत लाईनीतल्या रस्त्यावर ताणा पसरायचा आणि कुंच्याने ती सुताला चढवायची. खळ करणाऱ्या बाया पुष्कळ असतात. पण कौसल्याबाईंच्या खळीची बात और होती! त्यांची खळ पाजलेला ताणा दोन महिने मागावर राहिला तरी धागा तुटायचा नाही, असे लोक म्हणत, आणि कौसल्याबाई ते दोनदा म्हणवून घेत. अकरा घरे त्यांच्याकडून खळ नेत.

खळीचे त्यांचे एक शास्त्र होते. "दिवेलागणीले चढवलेलीच खळ सुताले धरते. दुसऱ्या टायमाची खळ म्हंजे नुसती लापशी!" हे त्यांना त्यांच्या सासूने सांगितले होते, सासूला तिच्या सासूने. त्यापलीकडे विचारायची कुणाची छाती नव्हती.

ही गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. रॉकेलसाठी रेशनच्या दुकानापुढे डबे रांगेत उभे असायचे आणि डब्यांचे धनी सावलीत बसायचे. लाकूड महागले, कोळसा दिसेनासा झाला. मग ज्याला त्याला विजेची शेगडी सुचली. विटेसारख्या मातीच्या पाटीत तारेचे वेटोळे, दोन वायरी भिंतीत खुपसल्या की काम झाले. कौसल्याबाईंचा मुलगा मुकुंद शहरातल्या महाल भागात लुगड्यांचे दुकान चालवीत होता. हाताशी चार पैसे होते, आईवर जीव होता. त्याने मोठ्या वेटोळ्याच्या दोन शेगड्या आणल्या. एकीवर खळीचे पातेले, दुसरीवर पाणी. भोंगा झाला की दोन्ही लाल व्हायच्या.

अख्ख्या लाईनीला आणि शेडला मिळून सोसायटीचे एकच कनेक्शन होते. खांबाजवळ मोठा मीटर, आणि घरोघर, तसेच शेडमधल्या प्रत्येक मागाला, सोसायटीचे छोटे मीटर. त्या हिवाळ्यात वीज ऑफिसातून कागद आला : संध्याकाळी सहा ते दहा या वेळात ठरलेल्यापेक्षा जास्त ओढ दिसली, तर साऱ्या महिन्याचा दर चढवला जाईल. सोसायटीचे सेक्रेटरी भैयाजी पराते कायद्याला धरून चालणारे गृहस्थ. त्यांनी सभा बोलावून ठराव केला. रोज सहाला आणि दहाला सगळे छोटे मीटर पाहायचे. मधल्या चार तासांत जाळलेल्या विजेला तिप्पट दर!

आता पाहा, एकाच ठरावाने बत्तीस घरांत काय काय झाले ते. ज्यांच्या घरी पैशाची ओढाताण, त्यांनी पाचलाच भाकऱ्या थापल्या आणि रात्री गार खाल्ल्या. कुणी दोन खोल्यांत मिळून एक बल्ब ठेवला. एका घरात सासू आणि सून, ज्यांचे वर्षभर पटत नव्हते, त्या एका दिव्याखाली बसून आडव्या सुताच्या कांड्या भरू लागल्या. आणि ज्यांना तिप्पट दराचे काही वाटत नव्हते, अशी चार घरे मात्र जशी होती तशीच राहिली. त्यांत पहिले घर कौसल्याबाईंचे.

"तिप्पट काय, चौपट घेऊ दे!" मुकुंद म्हणाला. "माह्या मायची खळ काही चोरीची नाई. दाम मोजून वीज घेतो आपण."

महिन्याच्या सभेत भैयाजींनी संध्याकाळच्या विजेची यादी वाचली, सगळ्यात जास्त भरणाऱ्यापासून सुरुवात करून. हेतू असा, की वरच्या नावांना थोडी लाज वाटावी. झाले उलटेच! पहिले नाव कौसल्याबाईंचे आले, आणि बाईंनी पदर सावरून असे चौफेर पाहिले, की जणू देवळाच्या जीर्णोद्धाराला देणगी दिली आहे. शेजारणीही कौतुकाने कुजबुजल्या. दुसऱ्या महिन्यात तर बाई पहिल्या रांगेत येऊन बसल्या.

शेडमधल्या सहा मागांपैकी एक पंचफुला निखारेकडे होता. तिच्या नवऱ्याचा, देवाजीचा, उजवा हात जिनिंगच्या यंत्रात गेला होता. पंचफुला दिवसा म्युनिसिपालिटीच्या शाळेत चपराशीण होती. घंटा द्यायची, वर्ग झाडायचे, पाणी भरायचे. पाचला सुटायची, आणि सहा ते दहा माग चालवायची. शेड सकाळी आठला उघडत असे, तेव्हा ती शाळेत असे. रात्री दहाला कुलूप लागे. म्हणजे माग चालवायला तिला दुसरी वेळच नव्हती. सोसायटीची अट होती : होळीपर्यंत दीडशे लुगडी उतरली, तर माग कायमचा नावावर, नाही उतरली, तर यादीतल्या पुढच्या माणसाला. देवाजीला एका हाताने कांड्या भरता येत होत्या. माग राहिला तर घरात दोघांनाही काम राहणार होते. माग गेला तर देवाजीने दिवसभर उंबऱ्यावर बसून रस्ता पाहायचा. पंचफुलाला त्या उंबऱ्याचीच भीती वाटे.

तिचा ताणाही कौसल्याबाईंच्याच खळीवर असे. रोज संध्याकाळी शाळेतून येता येता ती त्यांचे रिकामे पातेले ओट्यावर ठेवी, पहाटे भरलेले नेई. माघाच्या सुरुवातीला एक दिवस पातेले ठेवून ती तिथेच घुटमळली.

"काय वं, उभी काहून राहिली?" कौसल्याबाईंनी विचारले.

"काकी, एक सांगू का? राग नोका मानू. भोंग्यानंतर माग लय जड चालते. चाकाले हात लावून ढकला लागते. खळ थोडी... दुपारून चढवता येईन का?"

कौसल्याबाईंचा चेहराच बदलला. "माही खळ? दुपारून? आन् तुहा ताणा तुटला तं लोकं नाव कोणाले ठेवतीन? आम्ही तिप्पट भरून राहिलो, फुकट नाई जाळून राहिलो!"

"मले बी तिप्पटच लागते, काकी," पंचफुला हळूच म्हणाली. सहा वाजत आले होते, म्हणून ती शेडकडे गेली.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी सकाळी उजाडता उजाडता पंचफुला आली. हातात आदल्या संध्याकाळी ठेवायचे राहिलेले पातेले होते, राखेने घासून लखलखीत केलेले, पालथे.

"आज खळ नको, काकी."

"काहून वं? ताणा संपला?"

"मोटर जळाली."

एवढेच म्हणून तिने पातेले ओट्यावर ठेवले. ती रडली असती तर कौसल्याबाईंना काही बोलता आले असते. पण तिला शाळेची घंटा द्यायची होती. ती गेली, आणि घासलेल्या पातेल्यात कौसल्याबाईंना आपले तोंड दिसत राहिले. खळ न्यायला आलेल्या बाया हाका मारत होत्या, पण आज कोणाच्या पातेल्यात किती घातली याकडे त्यांचे लक्षच नव्हते.

दुपारी त्या मुकुंदला घेऊन शेडमध्ये गेल्या. मोटर खाली काढून ठेवली होती, आणि तिच्यापुढे जागेश्वर मेश्राम मांडी घालून बसला होता. हा मोटरींचे वाइंडिंग करणारा मिस्त्री. नागपुरातल्याच इंदोऱ्याहून सायकलवर यायचा, बोलायचा कमी, आणि जळक्या तारेचा वास घेऊनच दुखणे सांगायचा. पलीकडे देवाजी भिंतीला टेकून बसला होता.

"जयभीम, मावशी," जागेश्वर मान वर न करता म्हणाला.

"काय झालं गा हिले?" कौसल्याबाईंनी विचारले. "करंट जास्त आला का?"

"जास्त आला असता तं बरं होतं. ही उपाशी जळाली, मावशी."

"उपाशी?"

"हो ना. मोटरले पुरेसं भेटलं नाई, तरी काम तेवढंच करा लागते. मग ते अजून जोरानं ओढते. ओढता ओढता तापते, आन् तापता तापता जळते. माणूस कसा उपाशीपोटी हमाली करून पडते, तसंच." त्याने काळ्या पडलेल्या तारेचे एक वेटोळे बाहेर काढून त्यांच्या हातात ठेवले. "ही संध्याकाळची उपासमार हाये. रोजची."

मुकुंदला हे बोलणे झोंबले. "मिस्त्री, आमच्यावर नोका घालू. आम्ही तिप्पट दाम मोजतो. बाकीचे काय करतात ते त्याईले इचारा."

जागेश्वरने पकड खाली ठेवली. "मुकुंदभाऊ, दाम मोजल्यानं तार जाड होत नाई. खांबावरून जेवढी वीज येते तेवढीच येते. तुम्ही तिप्पट मोजलं म्हून तिप्पट निघाली, असं झालं का? नाई झालं. तुमच्या घरी जास्त गेली. मंग ते कोठून गेली? शेवटच्या घरातून गेली."

"मंग हा दर कायले ठेवला? दर भरला की हिशेब मिटला!"

"तिथंच चूक हाये. तो दर म्हंजे 'भरा आन् जाळा' असा परवाना नोहे. 'जमत असन तं आता नोका जाळू', असं सांगणं हाये ते. ज्याले टाईम बदलता येते त्यानं बदलावा, म्हंजे ज्याले बदलता येत नाई त्याले पुरन. अन् झालं काय? ज्याले बदलता येत होतं, त्यानं पैसे फेकले. जिले बदलता येत नाई, ती पंचफुलाबाई तिप्पट बी भरते, अन् उपाशी बी राहते!"

जागेश्वर पुन्हा मोटरीकडे वळला, आणि मग जरा खालच्या आवाजात म्हणाला, "मावशी, माह्या बापाच्या गावी विहिरीवर आमच्या लोकाईले शेवटी उभं ठेवत. वरचे भरून जात, आन् आमच्या वाट्याले गाळ येई. ते लोकं वाईट होते असं नाई. त्याईनं कधी आमची घागर पाहिलीच नाई. पाणी अडवणाराले शेवटची घागर दिसतच नाई, मावशी. दिसली असती तं अर्धे लोकं तवाच सुधारले असते."

कौसल्याबाईंना त्याच्याकडे पाहवेना. त्या गावच्या नसल्या तरी अशा विहिरीवर त्या भरून गेलेल्या होत्या. माघारी वळून पाहिल्याचे त्यांना आठवत नव्हते.

"मले खरं नाई वाटत," शेवटी त्या म्हणाल्या. बोलण्यात आता तोरा नव्हता, खरोखरच पटत नव्हते. "एका घराच्या शेगडीनं एवढा मोठा माग कसा जड होईन?"

"मंग तुम्हीच पाहा. आज संध्याकाळी सूनबाईले सांगा. भोंगा झाला की दोन्ही शेगड्या लाव, पाच मिनिटानं बंद कर, पाच मिनिटानं पुन्हा लाव. आन् तुम्ही इथं येऊन उभ्या राहा. मी काही बोलणार नाई."

संध्याकाळी कौसल्याबाई शेडच्या दाराशी उभ्या होत्या. सोसायटीत येऊन बारा वर्षे झाली होती, पण या वेळी त्या इथे कधी आल्या नव्हत्या. भोंग्याच्या वेळी त्या आपल्या शेगडीपुढे असायच्या, आणि त्यांचे घर खांबाला लागून. तिथे बल्ब कधी मंद होतच नसे. शेडमध्ये पाच माग चालू होते. सहावा, मोटर काढलेला, मधेच दात पडल्यासारखा. आढ्याला एक बल्ब लोंबत होता.

भोंगा झाला.

बल्ब आधी पिवळा पडला, मग तांबूस झाला, आणि काचेच्या आत नुसती तार दिसू लागली. पण कौसल्याबाई बल्बकडे पाहतच नव्हत्या. वयाच्या आठव्या वर्षापासून मागाचा आवाज ऐकत वाढलेली ती बाई. तिचे कान मागांकडे लागले होते. खटक-खटक, खटक-खटक चाललेला ठेका सैल पडला. खटक... खटक... दम लागलेल्या माणसाने जिना चढावा तसे पाचही माग चालू लागले. एका विणकराने उठून चाकाला हात लावला.

पाच मिनिटे झाली. एकाएकी बल्ब फुलला. ठेका पुन्हा घट्ट झाला.

"शेगडी बंद केली सूनबाईनं," जागेश्वर एवढेच म्हणाला.

आणखी पाच मिनिटे गेली, आणि बल्बची पुन्हा नुसती तार उरली.

"बंद करा गा!" कौसल्याबाई ओरडल्या. कुणाला सांगत होत्या ते त्यांनाच कळले नाही. "माही शेगडी हाये ते! माहीच शेगडी! अरे, मी ज्या पोरीच्या ताण्यासाठी खळ शिजवत होती, तिचाच माग खाऊन राहिली होती का मी?"

विणकर पाहत राहिले. यादीत सगळ्यांच्या आधी जिचे नाव वाचले जाई, ती ही बाई दाराची चौकट धरून उभी होती, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. देवाजी भिंतीपाशी बसल्या जागी मान खाली घालून कांडी फिरवत होता. मागाला मोटर नसली तरी त्याचा हात थांबला नव्हता. कौसल्याबाईंना ते सगळ्यांत जास्त लागले.

घरी येऊन त्यांनी शेगडीच्या वायरी भिंतीतून उपटून काढल्या. सून नीला कण्यांचे पातेले घेऊन उभी होती.

"आत्याबाई, मंग खळ? उद्या पहाटे अकरा घरं येतीन. आन् दिवेलागणीलेच काहून चढवा लागते हो ती? मी कवाची इचारीन म्हणत होती."

हाच प्रश्न! चाळीस वर्षांपूर्वी, नवी नवरी म्हणून आल्यावर, चुलीपुढे बसून कौसल्यानेही सासूला अगदी हाच प्रश्न विचारला होता. सासू काय म्हणाली होती? 'दिवेलागणीले चढवलेलीच खळ धरते,' हे तर झालेच. पण त्याच्या आधी ती आणखी काही म्हणाली होती. चुलीतले निखारे पुढे ओढत म्हणाली होती, "भाकरी झाल्या, विस्तव उरला हाये. त्याच विस्तवावर खळ होते. नवं लाकूड कायले जाळू, बाई?"

कौसल्याबाईंनी नीलाच्या हातातले पातेले घेऊन खाली ठेवले. सासूने सांगितलेली ती काटकसर होती. उरलेल्या विस्तवाची ती रीत होती. त्यांनी विस्तव विसरून नुसती वेळ लक्षात ठेवली, आणि त्या वेळेपायी तिप्पट दराची वीज जाळली!

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला शेगडीच्या वायरी पुन्हा खुपसून त्यांनी खळ चढवली. नीलावर त्या उगीचच दोनदा खेकसल्या. अकरा घरांना त्यांनी सांगून टाकले, की आज खळ मिळणार नाही. आधी माझ्या घरच्या ताण्यावर पाहीन. मुकुंदच्या दुकानाचा लग्नसराईचा तो ताणा होता, तांबड्या सुताचा. बिघडला तर घरचा बिघडेल.

आणि बिघडलाच! रात्रभरात खळीवर जाड साय धरली, गुठळ्या झाल्या, आणि पहाटे कुंचा फिरवताच सूत जागोजागी चिकटले. लाईनीतल्या एकीने तोंडाला पदर लावून म्हटले, "म्हणत नव्हत्या का स्वतःच, दुसऱ्या टायमाची म्हंजे लापशी!" कौसल्याबाईंनी ऐकले. एरवी त्यांनी तिचे सात पिढ्यांचे सूत उलगडले असते. त्या दिवशी त्या गुठळ्या बोटाने फोडत बसल्या.

मग त्यांनी डोके लावले. दिवेलागणीची खळ रात्री गारव्यात मुरते. दुपारची खळ चार तास उन्हाच्या झळीत सुकते. म्हणजे दोष वेळेचा नव्हता, झाकणीचा होता. त्यांनी तिसऱ्या दिवशी पातेले ओल्या गोणपाटात गुंडाळले, वर ओला पंचा बांधला आणि मोरीच्या सावलीत ठेवले. पहाटे पंचा सोडला. खळ वाटीतून धार धरून पडत होती, मधासारखी एकसंध. ताण्याला चढवली, सुकली, आणि कौसल्याबाईंनी एक धागा चिमटीत धरून ताणला. तुटला नाही.

"धरते!" त्या रस्त्याच्या मधोमध ओरडल्या. "नीला, ये वं, पाय! दुपारची बी धरते!"

फाल्गुनात सभा भरली. जागेश्वरने मोटर दुरुस्त करून दिली होती, पण पंचफुलाच्या मागाच्या आठ संध्याकाळी वाया गेल्या होत्या. एकशे एकतीस लुगडी उतरली होती आणि होळी पाच दिवसांवर आली होती. भैयाजींनी चष्मा पुसला. "वाईट वाटते," ते म्हणाले, "पण अट म्हंजे अट. यादीतला पुढचा माणूस बी गरीबच हाये."

पंचफुला मागच्या रांगेत उभी होती. कौसल्याबाई उठल्या. आज त्या पहिल्या रांगेत नव्हत्या.

"भैयाजी, अट मोडा असं मी म्हणत नाई. पण ते आठ दिवस तिच्या नावावर काहून लिहिले? ते माह्या नावावर लिहा. माह्या शेगडीनं खाल्ले ते. दोन महिने माहं नाव तुम्ही सगळ्यात आधी वाचलं, मी मान वर करून ऐकलं. मले वाटलं, मी दान करून राहिली. चोरी करून राहिली होती मी, भैयाजी! दाम देऊन केलेली चोरी!"

मुकुंद उठून आईच्या शेजारी उभा राहिला. कालपर्यंत चौपट मोजायला निघालेला तो माणूस खाली मान घालून म्हणाला, "माय बरोबर म्हणते. आमच्यासारखे अजून तीन घरं हायेत. आम्ही तं शेगडी बंदच केली, त्याईनं बी उद्यापासून सहा ते दहा लावू नये. आन् पंचफुलावहिनीसारख्या ज्याईले टाईम बदलता येत नाई, त्याईले तिप्पट दर लावू नोका. दर त्याले लावा, ज्याले सोय हाये आन् सोडवत नाई."

भैयाजींनी लेखणी उचलून ठरावाखाली दोन ओळी वाढवल्या. शेडच्या मागांना संध्याकाळी साधा दर. आणि पंचफुला निखारे यांना होळीनंतर आठ दिवस.

त्या दिवसांत लाईनीत एक नवीनच गोष्ट झाली. कोणी ठराव केला नव्हता, कोणी सांगितले नव्हते. भोंगा झाला की घरोघरच्या बाया एकेक बल्ब ठेवून बाकीचे मालवायच्या आणि ओट्यावर येऊन बसायच्या. दुपारीच स्वयंपाक उरकलेला, खळ गोणपाटात मुरत ठेवलेली. मग शेडच्या टोकाकडून आवाज यायचा, खटक-खटक, खटक-खटक, न अडखळणारा. खांबाजवळच्या आपल्या ओट्यावर कौसल्याबाई बसायच्या. बारा वर्षांत या घरातून त्यांना शेडमधला माग कधी ऐकू आला नव्हता. आता त्या ओळखू लागल्या, की हा कोणाचा, तो कोणाचा. मधेच म्हणायच्या, "हा पंचफुलाचा. पाय, कसा टापोटाप चालून राहिला!"

आठ दिवसांची मुदत संपायला एक संध्याकाळ उरली असताना तो आवाज एकाएकी थांबला. ओट्यांवरच्या बाया दचकून उठल्या. पुन्हा मोटर? कौसल्याबाई अनवाणीच शेडकडे निघाल्या. दारात देवाजी उभा होता, एका हाताने छातीशी लुगडे धरून. हिरवे, तांबड्या काठाचे.

"दीडशेवं, काकी," तो म्हणाला. त्याच्या मागे पंचफुला मागाच्या लाकडावर डोके टेकून बसली होती, आणि डोक्यावरचा बल्ब लख्ख जळत होता.

पुढच्या महिन्याच्या सभेत भैयाजींनी संध्याकाळच्या विजेची यादी वाचली. एकेक नाव येत गेले. कौसल्याबाई वाट पाहत होत्या. बत्तिसावे, अगदी तळाचे नाव त्यांचे निघाले.

"ऐकू नाई आलं, भैयाजी," त्या म्हणाल्या. "पुन्हा वाचा."

भैयाजींनी पुन्हा वाचले. सगळे हसले, आणि कौसल्याबाईही हसल्या. पण डोळे पुसूनच.

बंधूंनो आणि भगिनींनो, ज्याचे दाम मोजले ते आपले झाले, असे आपण समजतो. पण काही वस्तू अशा असतात, की त्या विकत घेतल्या तरी येतात दुसऱ्याच्याच ताटातून. गर्दीच्या वेळची वीज तशी आहे, उन्हाळ्यातले नळाचे पाणी तसे आहे. त्यावर लावलेला जादा दर ही आपली ऐपत दाखवायची जागा नव्हे. आपल्याला थांबता येते का, एवढेच तो विचारतो. ज्याला थांबता येते त्याने थांबावे. कारण तारेच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी असे असते, ज्याच्याजवळ तेवढीच एक वेळ आहे. आणि एखादी रीत मोडवत नसेल, तर ती पहिल्यांदा पाडणाऱ्या माउलीने कशासाठी पाडली होती, हे आधी आठवून पाहा. बहुधा तिने ती काही वाचवण्यासाठीच पाडलेली असते.